वगळलेल्यांचा हंगाम

30 एप्रिल 2017 रोजी आय-लीगचा दहावा हंगाम संपला. दहा संघांच्या गुणतक्त्यात सर्वांत वर होता आयझॉल फुटबॉल क्लब, सर्वांत खाली मुंबई एफसी. आदल्या वर्षी आयझॉलला याच लीगमधून खाली ढकलण्यात आलं होतं. आयझॉलला विजेता करणारे प्रशिक्षक खालिद जमील यांना आदल्याच वर्षी मुंबई एफसीनं निरोप दिला होता. त्यांच्याबरोबर मिझोरामला गेलेल्या खेळाडूंत काही जण मुंबईच्या मैदानांवर घडलेले होते, आणि गोलपोस्टमध्ये उभा होता गोव्याचा अल्बिनो गोम्स.

ईशान्य भारतातल्या क्लबनं देशाची सर्वोच्च फुटबॉल लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. ही गोष्ट तेव्हा ‘परीकथा’ म्हणून देशभर छापून आली. मुंबई-पुण्यात आणि गोव्यात मात्र ती दुसऱ्यांच्या घरचं कार्य असावं तशी वाचली गेली. वास्तविक या हंगामाचे बरेचसे धागे इथूनच निघतात: गोव्याच्या क्लबांनी घेतलेल्या एका निर्णयातून, मुंबईतल्या कूपरेजवरच्या एका प्रशिक्षकाच्या सात वर्षांच्या कामातून आणि महाराष्ट्रातल्या दोन क्लबांच्या शेवटातून.

सुरुवात करायला हवी ती 2016 च्या उन्हाळ्यापासून.

2015-16 ची लीग नऊ संघांची होती. आयझॉलचा तो पहिलाच हंगाम. दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून मिझोरामचा पहिला क्लब म्हणून ते वर आले होते. हंगामाअखेर ते आठवे आले. नववा, म्हणजे शेवटचा, होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. साध्या हिशेबानं खाली जायला हवा होता शिवाजियन्स. पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं काही क्लबांना थेट प्रवेश दिला होता, त्यांना कॉर्पोरेट एन्ट्री म्हणत. या क्लबांनी पैसे गुंतवायचे आणि त्या बदल्यात सुरुवातीची काही वर्षं त्यांना रेलिगेशनपासून संरक्षण मिळायचं, असा करार होता. शिवाजियन्स याच वाटेनं आलेला होता. त्यामुळे शेवटचा संघ राहिला आणि त्याच्या वरचा संघ गेला. मैदानावर खेळून वर आलेला क्लब, पैसे भरून आलेल्या क्लबापेक्षा वर राहूनही, बाहेर पडला. आयझॉलनं दाद मागितली. नियम आधीच लिहिलेला असल्यानं उपयोग झाला नाही.

त्यानंतर लगेच झालेल्या फेडरेशन चषकात हाच संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. वाटेत त्यांनी लीगविजेत्या बंगळुरूला बाहेर काढलं. गुवाहाटीतल्या अंतिम सामन्यात मोहन बागाननं त्यांचा 5-0 असा धुव्वा उडवला हे खरं. पण लीगमधून काढून टाकलेला संघ देशाच्या चषक स्पर्धेचा उपविजेता होतो, ही घटनाच त्या नियमावरचं पुरेसं बोलकं उत्तर होती.

आता गोवा. आय-लीग 2007-08 मध्ये सुरू झाली तेव्हापासूनचे पहिले सहाही हंगाम गोव्याच्या क्लबांनी जिंकले. डेम्पो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. जेमतेम पंधरा लाख लोकसंख्येचं एक राज्य सलग सहा वर्षं देशाचं विजेतेपद आपल्याकडे ठेवतं, असं उदाहरण भारतीय फुटबॉलमध्ये दुसरं नाही. खाणमालक कुटुंबांचा पैसा, चर्चच्या मैदानांवरून येणारी मुलं, गावागावांतल्या स्पर्धा आणि कोलकात्याशी असलेली जुनी खुन्नस यांतून हे साम्राज्य उभं राहिलं होतं.

2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली. शहरांच्या नावाचे नवे संघ, मोठे मालक, दूरचित्रवाणीवरचा झगमगाट. सुरुवातीला ती दोन-अडीच महिन्यांची स्वतंत्र स्पर्धा होती. देशाचा अधिकृत विजेता आय-लीगमधूनच ठरत होता. मे 2016 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं पुढचा आराखडा मांडला. महासंघाचे अध्यक्ष तेव्हा गोंदियाचे प्रफुल्ल पटेल होते. आराखड्यानुसार 2017-18 पासून सुपर लीग ही सर्वोच्च लीग होणार होती आणि आय-लीगचे क्लब तिच्या खालच्या पायरीवर जाणार होते. वरच्या लीगची दारं बंद. खालून जिंकून वर जाण्याची सोय नाही.

गोव्याच्या क्लबांनी जूनमध्ये उत्तर दिलं. स्पोर्टिंग क्लब दी गोवा आणि साळगावकर लीगमधून बाहेर पडले. त्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून पुन्हा वर येण्याचा हक्क मिळवलेल्या डेम्पोनंही तो हक्क सोडला. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला क्लब (आय-लीगच्या आधीच्या राष्ट्रीय लीगमधली दोन विजेतेपदं धरून) जिंकलेली जागा हातानं परत करतो, यामागची वेदना आजही नीट समजून घेतली जात नाही. त्या क्लबांचं म्हणणं एवढंच होतं की, ज्या शिडीला वरचा मजलाच नाही तिच्यावर पैसे का खर्चायचे? भूमिका बरोबर होती. किंमत मात्र गोव्याच्या फुटबॉलनं मोजली, कारण या माघारीनंतर ते क्लब देशाच्या व्यासपीठावरून वर्षानुवर्षं दिसेनासे झाले.

रिकाम्या झालेल्या जागा भरणं महासंघाला भाग होतं. चेन्नई सिटी आणि मिनर्व्हा पंजाब हे दोन नवे क्लब आले. परवान्याच्या अटींमुळे 2014 मध्ये बाहेर काढलेल्या चर्चिल ब्रदर्सना परत घेण्यात आलं. आणि आयझॉललाही. गोव्याचा निषेध झाला नसता तर आयझॉल त्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत खेळत असता, हे विसरून या हंगामाकडे पाहता येत नाही.

मिझोरामची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत अकरा लाखांच्या आत होती. ठाणे किंवा पिंपरी-चिंचवड ही शहरंसुद्धा त्याहून मोठी. राज्यात सपाट जमीन विरळा, उद्योग जवळपास नाहीत, बाहेरून येणाऱ्या भारतीयालाही इनर लाइन परमिट लागतं. लेंगपुईच्या विमानतळाची धावपट्टी डोंगरमाथा कापून केलेली आहे. आयझॉल शहर कड्यांवर एकावर एक रचलेल्या घरांचं. त्यात जिथे कुठे एखादी मोकळी चौकट सापडेल तिथे मुलं चेंडू खेळताना दिसतात.

पण नुसत्या आवडीतून लीगविजेते होत नाहीत. 2012 मध्ये मिझोराम फुटबॉल असोसिएशननं मिझोराम प्रीमियर लीग सुरू केली. झोनेट या स्थानिक केबल वाहिनीनं तिचे सामने दाखवायला घेतले. राज्यातल्या मुलाला आपल्या गल्लीतला खेळाडू टीव्हीवर दिसू लागला, क्लबांना थोडेफार पैसे मिळू लागले, खेळाडूला मानधन मिळू लागलं. दोन वर्षांत, मार्च 2014 मध्ये सिलिगुडीला झालेल्या अंतिम सामन्यात रेल्वेचा 3-0 पराभव करून मिझोरामनं प्रथमच संतोष चषक जिंकला. त्याआधी शायलो मालसोमत्लुआंगा कोलकात्यात नाव कमावून आला होता, जेजे लालपेखलुआ भारताच्या संघात पोहोचला होता. ती तुरळक उदाहरणं होती; लीगनं त्यांचा ओघ केला. मोठ्या राज्यांनी आपल्या फुटबॉल संघटनांच्या बैठकीत हे एक पान वाचून दाखवायला हवं: स्वतःची नियमित लीग, तिचं स्थानिक प्रक्षेपण आणि तिच्यातूनच राज्याचा संघ. एवढंच सूत्र, आणि ते बारा महिने चालवण्याची चिकाटी.

आयझॉल एफसी 1984 चा जुना क्लब. व्यावसायिक रॉबर्ट रोमाविया रॉयते त्याचे मालक झाले आणि क्लब राष्ट्रीय पातळीवर आला. 2016-17 साठीचं त्यांचं अंदाजपत्रक दोन कोटी रुपयांच्या आसपास असल्याचं त्या वेळी वृत्तपत्रांत आलं होतं. समोर होते सुनील छेत्रीचा बंगळुरू, सोनी नोर्दे आणि जेजेचा मोहन बागान, आणि कोलकात्याचीच दुसरी बलाढ्य ताकद ईस्ट बंगाल. यांतल्या एखाद-दुसऱ्या परदेशी खेळाडूवर होणारा खर्च आणि आयझॉलचा सगळा हंगाम यांची तुलना तेव्हा सहज केली जात असे.

रॉयते यांनी प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांना आणलं.

खालिद यांचा जन्म 1977 मध्ये कुवेतमध्ये झाला. फुटबॉलची कारकीर्द घडली ती मुंबईत. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, भारताचा संघ अशी ती कारकीर्द. मधल्या फळीतला हा खेळाडू दुखापतींनी वेळेआधीच थांबला. 2009 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मुंबई एफसीनं त्यांच्याकडे संघ सोपवला. त्यानंतरच्या सात वर्षांत मुंबई एफसी कधी विजेतेपदाच्या जवळपासही गेला नाही आणि एकदाही खाली गेला नाही. कूपरेजचं नूतनीकरण चालू असताना या संघानं ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला खेळले. मोठी नावं परवडत नसत, प्रेक्षक मोजके. घट्ट बचाव, शिस्त, उंच चेंडूवर मारलेली धाव, कॉर्नर आणि फ्री किकवर काढलेला गोल, अशा खेळावर त्यांनी एकेक गुण जमवला. त्याला कंटाळवाणा खेळ म्हणणारे पुष्कळ होते. कमी पैशांत संघ वर्षानुवर्षं वरच्या श्रेणीत टिकवणं हे कसबाचं काम आहे, हे मात्र फारच थोड्यांनी बोलून दाखवलं.

मुंबईनं त्यांना सोडलं, तेव्हा ते जवळजवळ अनोळखी राज्यात गेले. बरोबर आले मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता. एक मधल्या फळीचा, दुसरा बाजूचा बचावपटू. दोघांच्याही नावापुढे तोवर ठसठशीत असं काही नव्हतं. सीरियाचा महमूद अल आम्ना हा संघाचा मेंदू झाला. आयव्हरी कोस्टचा कामो बायी पुढे, लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान मध्यभागी, नायजेरियाचा किंग्सली बचावात. आणि या सगळ्यांभोवती मिझो मुलं: झोहमिंगलियाना राल्ते, लालरुआतथारा, लालरामचुल्लोवा, ब्रँडन व्हानलालरेमडिका, लालदानमाविया राल्ते, विल्यम लालनुनफेला. धावण्यात न थकणारी, चेंडू जमिनीवर खेळणारी ही मुलं. खालिद यांच्या मुंबईच्या संघाला नेमक्या याच गोष्टीची उणीव होती. त्यांची बचावाची शिस्त आणि मिझो फुटबॉलचा वेग यांचा मेळ बसला, आणि ज्यांना त्यांच्या खेळाची एकच पट्टी दिसत होती ते थक्क झाले.

7 जानेवारी 2017 रोजी हंगाम सुरू झाला. आयझॉलचा पहिलाच सामना बारासातला, ईस्ट बंगालच्या घरी. त्यांनी 1-1 अशी बरोबरी साधली. पहिल्या दिवशी एक गुण. कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

त्या वर्षी कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम ऑक्टोबरमधल्या 17 वर्षांखालील विश्वचषकासाठी बंद होतं. बागान रवींद्र सरोवरवर खेळत होता, ईस्ट बंगाल बारासातला, आणि कोलकात्याची डर्बी पाचशेहून अधिक किलोमीटर दूर सिलिगुडीला न्यावी लागली. बागान आणि बंगळुरू दोघेही एएफसी चषकातही खेळत होते. आठवड्यात दोन सामने, मधे विमानप्रवास. ईस्ट बंगालचा हंगाम उत्तरार्धात विस्कटला आणि एप्रिलमध्ये प्रशिक्षक ट्रेव्हर मॉर्गन यांनी पद सोडलं. मोठ्यांची ही दमछाक आयझॉलच्या पथ्यावर पडली, यात शंका नाही. पण त्याच लीगमध्ये इतरही छोटे संघ होते, संधी सर्वांना सारखीच होती. ती घेण्याइतक्या सातत्यानं गुणांची बेरीज एकट्या आयझॉलनं केली. अठरा सामन्यांत अकरा विजय, चार बरोबरी, तीन पराभव.

बागानविरुद्ध कोलकात्यात ते 3-2 असे हरले. परतीचा सामना 22 एप्रिलला होता, आयझॉलच्या मुआलपुई भागातल्या राजीव गांधी स्टेडियमवर. त्या सकाळी दोन्ही संघांचे गुण सारखे, 33. लीगला स्वतंत्र अंतिम सामना नसतो. त्या वर्षी वेळापत्रकानंच तो घडवून आणला होता.

शनिवार होता. डोंगरांनी वेढलेल्या त्या कृत्रिम गवताच्या मैदानाभोवती लाल रंग पसरलेला. बागानला बरोबरी चालण्यासारखी होती, कारण त्यांचा शेवटचा सामना घरचा आणि आयझॉलचा बाहेरचा. तासभर काहीच घडलं नाही. म्हणजे खालिद यांच्या हिशेबानं सगळं ठरल्याप्रमाणे घडत होतं. 83 व्या मिनिटाला बचावपटू झोहमिंगलियाना राल्तेनं हेडर मारला आणि चेंडू जाळ्यात गेला. 1-0. उरलेली मिनिटं आयझॉलनं काढली. आता ते तीन गुणांनी पुढे होते आणि शेवटच्या सामन्यात एक गुण पुरेसा होता.

तो सामना शिलाँगमध्ये होता, शिलाँग लाजाँगविरुद्ध. ईशान्येतल्याच शेजाऱ्याशी. लाजाँगनं या भागातल्या व्यावसायिक फुटबॉलची वाट आधी मळून ठेवली होती, आणि त्यांचे प्रशिक्षक थांगबोई सिंग्तो सामना कुणाला भेट देणाऱ्यांतले नव्हते. 30 एप्रिल हा रविवार. मिझोराममध्ये रविवार चर्चचा. त्या दिवशी तिथे फुटबॉलचे सामने ठेवत नाहीत. तरीही हजारो मिझो पाठीराखे डोंगररस्त्यानं मेघालयात पोहोचले होते.

नवव्या मिनिटाला कॅमेरूनच्या आसेर पिएरिक दिपांडानं लाजाँगला पुढे नेलं. त्या हंगामातला तो सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, अकरा गोलांचा धनी. तिकडे कोलकात्यात बागानचा चेन्नई सिटीशी सामना त्याच वेळी सुरू होता. मोबाइलवर दोन्हीकडचे आकडे फिरत होते. बागाननं अखेर तो 2-1 असा जिंकलाच. म्हणजे शिलाँगमध्ये 1-0 तसंच राहिलं असतं तर दोन्ही संघ 36 वर आले असते आणि वर्षभराची मेहनत नियमावलीच्या उपकलमांवर लटकली असती. मध्यंतरापर्यंत आयझॉल पिछाडीवरच होता. 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरीचा गोल केला. पुढची वीस-पंचवीस मिनिटं सीमारेषेजवळ खालिद यांना एका जागी उभं राहवत नव्हतं. शिट्टी झाली तेव्हा 1-1. आयझॉल 37, मोहन बागान 36.

संघ परतला तेव्हा लेंगपुईपासून शहरापर्यंतच्या रस्त्यावर लोक उभे होते.

मुंबईत त्याच हंगामात काय चाललं होतं? खालिद यांच्या जागी मुंबई एफसीनं संतोष कश्यप यांना आणलं, ते जुने-जाणते प्रशिक्षक. निकाल बिघडत गेले तसे मधेच त्यांना बदलून स्पेनच्या ऑस्कर ब्रुझोन यांच्याकडे संघ दिला. तरी घसरण थांबली नाही. जो संघ सात वर्षं एकदाही खाली गेला नव्हता तो आठव्या वर्षी दहावा आला आणि रेलिगेट झाला. त्यानंतर क्लबनं व्यावसायिक संघच गुंडाळला.

पुण्याचा डीएसके शिवाजियन्स तळापासून जरा वर राहिला. लिव्हरपूलच्या सहकार्यानं चाललेली निवासी अकादमी हे त्यांचं भूषण होतं. आश्चर्य म्हणजे तिथे मिझो मुलंच पुढे येत होती. लुंगलेईचा लालियनझुआला छांगते हा त्या वर्षी पुण्याच्या संघात होता. मुंबईची मुलं आयझॉलमध्ये, मिझोरामचा मुलगा पुण्यात. देशांतर्गत लीग नावाची गोष्ट कशासाठी हवी याचं याहून चांगलं चित्र शोधून सापडणार नाही. पण हंगाम संपला आणि शिवाजियन्सही थांबला. मालक डी. एस. कुलकर्णी यांचा बांधकाम व्यवसाय अडचणीत आला होता. ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात फेब्रुवारी 2018 मध्ये त्यांना अटक झाली. महाराष्ट्राचे दोन्ही क्लब एकाच उन्हाळ्यात गेले.

ही घसरण एका वर्षाची नव्हती. 1891 पासून चालत आलेला रोव्हर्स चषक एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडला होता. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बरखास्त झाला. परवान्याच्या अटींपायी एअर इंडिया 2013 मध्ये लीगबाहेर गेला. पुणे एफसी आणि भारत एफसी हे पुण्याचे दोन क्लब 2015 मध्ये संपले. भारत एफसी तर एकाच हंगामात. मग मुंबई एफसी, मग शिवाजियन्स. प्रत्येक वेळी कारण वेगळं सांगितलं गेलं. पण सगळ्यांत एक गोष्ट समान होती. क्लब मालकाचा होता. मालकाचा रस किंवा पैसा आटला की क्लब संपला, कारण त्याला धरून ठेवणारं खाली काही नव्हतं. राज्याची नियमित, पाहिली जाणारी लीग नव्हती, शहराचा आग्रह नव्हता.

याला अपवाद म्हणून कोल्हापूरकडे बोट दाखवलं जातं आणि ते योग्यच आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशा पेठा-तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा गॅलरीत जागा मिळत नाही. आयझॉलला जे होतं ते कोल्हापूरला आहे: आपल्या गल्लीचा संघ, त्याच्यावरचा जीव, पिढ्यांची ईर्ष्या. त्याच 2017 सालच्या ऑक्टोबरमध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण या तालमींपासून राष्ट्रीय लीगपर्यंत जाणारा पूल कुणी बांधला नाही. मिझोरामनं तो पाच वर्षांत बांधला होता.

विजेतेपदाचा आनंद आयझॉलला फार दिवस निवांतपणे घेता आला नाही. महिन्याभरातच प्रश्न उभा राहिला: पुढच्या वर्षी हा विजेता खेळणार कुठे? सुपर लीग सर्वोच्च झाली तर तिच्यात त्याला जागा नव्हती. जगात बहुतेक ठिकाणी लीग जिंकणारा संघ पुढच्या वर्षी आपलं विजेतेपद राखायला उतरतो. इथे त्याला खालच्या पायरीवर पाठवायची तयारी चालली होती. रॉयते यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला. अखेर आशियाई महासंघाच्या मध्यस्थीनं दोन्ही लीग समांतर चालवायचं ठरलं. बंगळुरू सुपर लीगमध्ये गेला. आयझॉल, बागान आणि ईस्ट बंगाल आय-लीगमध्ये राहिले.

संघ मात्र पांगला. खालिद यांना ईस्ट बंगालनं नेलं, त्यांच्यामागोमाग अल आम्ना, ब्रँडन आणि लालरामचुल्लोवा. कामो आणि किंग्सली मोहन बागानकडे. जयेश राणे आणि आशुतोष मेहता सुपर लीगमधल्या एटीकेकडे, अल्बिनो दिल्ली डायनामोजकडे. केरळ ब्लास्टर्सनं घेतलेला लालरुआतथारा पहिल्याच वर्षी सुपर लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. ज्यांना वर्षापूर्वी कुणी विचारत नव्हतं त्यांच्यासाठी रांग लागली. खेळाडूंच्या दृष्टीनं हे न्याय्यच होतं. आय-लीगच्या पगारावर कुटुंब चालवणाऱ्या मुलांनी चांगला करार नाकारावा असं कुणी म्हणू नये. क्लबसाठी मात्र याचा अर्थ पुन्हा पहिल्यापासून सुरुवात असा होता. जानेवारी 2018 मध्ये आयझॉल विजेता म्हणून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत इराणच्या झोब अहानशी खेळला. इस्फहानला 3-1 असा पराभव झाला. त्या मैदानावर मिझो संघानं एक गोल तरी केला, ही नोंद राहिली.

नंतर दोन्ही कोलकाता क्लब 2020 मध्ये सुपर लीगमध्ये गेले, पुढे आय-लीग रीतसर दुसरी श्रेणी झाली. ज्या शिडीसाठी साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेम्पो 2016 मध्ये बाहेर पडले होते ती शेवटी 2022-23 पासून लागली: आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये बढती. पहिल्यांदा पंजाब गेला, मग मोहम्मेडन स्पोर्टिंग. 2024-25 चं विजेतेपद आधी चर्चिल ब्रदर्सला जाहीर झालं, मग लोझानच्या क्रीडा लवादानं ते इंटर काशीला दिलं. गोव्याच्या फुटबॉलच्या वाट्याला आणखी एक हुकलेली जागा. वरून खाली येण्याची तरतूद मात्र सुपर लीगमध्ये तोपर्यंतही लागू झालेली नव्हती. आणि जुलै 2025 मध्ये, महासंघाबरोबरच्या हक्ककराराचा तिढा सुटेना म्हणून, आयोजकांनी सुपर लीगचा पुढचा हंगामच स्थगित ठेवला. दहा वर्षं जिला पाया म्हणून दाखवलं गेलं ती लीग एका करारावर उभी होती, हे खेळाडूंना आणि त्यांच्या पगारावर जगणाऱ्या घरांना त्या दिवशी कळलं.

पुण्यात घडलेला छांगते सुपर लीगमधल्या मुंबई सिटीचा कर्णधार झाला आणि 2022-23 चा देशातला सर्वोत्तम खेळाडू. खालिद जमील नॉर्थईस्ट युनायटेडचे, मग जमशेदपूरचे प्रशिक्षक झाले. सुपर लीगच्या क्लबनं पूर्ण वेळ मुख्य प्रशिक्षकपद दिलेले ते पहिले भारतीय. 1 ऑगस्ट 2025 रोजी महासंघानं त्यांची भारताच्या पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक केली. गोव्याच्या सावियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी ती खुर्ची भारतीयाकडे आली होती. त्यानंतर महिन्याभरातच सुरू झालेल्या मध्य आशियाई नेशन्स चषकात त्यांच्या संघानं ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. 2017 नंतर आयझॉलनं पुन्हा लीग जिंकलेली नाही. 2024-25 मध्येही तो आय-लीगमध्येच, मुआलपुईच्या मैदानावर, बहुतांश मिझो मुलांना घेऊन खेळत होता. आणि त्या हंगामातल्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता.